एका नगाचा लॉट

खुर्च्यांच्या त्या कारखान्यात सगळ्यात आतली खोली मोडतोडीची होती. बाहेर शंभरेक माणसं खुर्च्या जोडत आणि आत एकच माणूस त्या मोडत बसे. त्याचा त्याला महिन्याच्या महिन्याला पगार मिळे, हे त्याच्या सासरच्या मंडळींना अजूनही खरं वाटत नाही.

काम असं होतं. प्रत्येक लॉटमधली एक खुर्ची त्याच्याकडे यायची. यंत्राला टांगलेलं वाळूचं पोतं तिच्यावर आदळत राहायचं आणि तो वजन वाढवत न्यायचा. खुर्चीवर लिहिलेल्या वजनाच्या दुप्पट तिने पेललं की लॉट पास, हिरव्या खडूची खूण. त्याआधी मोडली तर लाल खूण, आणि अख्खा लॉट परत. पण दुप्पट पेलल्यावरही हा गृहस्थ थांबत नसे. खुर्ची मोडते ती नेमकी कुठे मोडते, हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्याला घास गोड लागत नसे. नियमाला अपवाद एकच होता. कधीमधी कुणा पाठदुखीवाल्यासाठी किंवा एखाद्या ताडमाड माणसासाठी एकुलती एक खुर्ची बनायची. तिला म्हणायचं एका नगाचा लॉट. ती यंत्राखाली घालायची नाही. नजरेने आणि हाताने बघून सोडून द्यायची, कारण ती मोडली तर द्यायला मागे काही उरत नाही. हा नियम त्यानेच भिंतीवर रंगाने लिहून काढला होता. त्या दिवशी शाळेला सुट्टी होती म्हणून रंगाचा डबा धरायला त्याची लेक सोबत आली होती.

कारखान्यात त्याला शंकासुर म्हणत. त्याला ते ठाऊक होतं आणि त्यात अपमान वाटण्यासारखं त्याला काही दिसत नसे. शंका घेतल्यामुळे कुणी तोंडघशी पडलेलं आपण पाहिलं नाही, असं तो म्हणायचा.

घरी तरी तो वेगळा कुठून असणार. लेकीची पहिली बाहुली तिच्या हातात पडली, तेव्हा बाहुलीचा एक हात उपटून पुन्हा शिवून झाला होता. सायकल आली ती सीटवर ओरखडे घेऊनच. छत्री दहादा उघडून, मिटून, उलटी करून मगच दप्तरात गेली. नवी वस्तू आली की तो आधी खोकं उघडणार, वस्तूचा छळ करणार, आणि टिकली तर तपकिरी चिकटपट्टीने खोकं बंद करून पुढे देणार. मैत्रिणींच्या वाढदिवसाला पोरगी जायची, तिथली न उघडलेली कोरी खोकी बघायची आणि तिला वाटायचं, यांच्याकडे वडील नसतात की काय. हे सगळं मायेपोटीच होतं. पण असली माया सोसायला अंगात जरा जास्तच ताकद लागते.

लेक मोठी झाली, विम्याच्या कचेरीतली बरी नोकरी सोडून दुकानांच्या मालाचे फोटो काढू लागली. पहिलं मोठं काम मिळालं ते एका चपला-बुटांच्या दुकानाचं. घरात आनंद झाला, आणि याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. एवढं मोठं दुकान, यांना ही पोरच कशी सापडली? त्याने सरळ दुकानात फोन लावला. "काम खरंच हिला दिलंय ना? आणि पैसे देणार आहात ना?" दुकानाचा मालक मानी माणूस. जिचा बाप आपल्याला चोर समजतो त्या पोरीशी व्यवहार कशाला, म्हणून त्याने काम दुसऱ्याला दिलं.

लेक संध्याकाळी घरी आली. ओरडली नाही, रडली नाही. जेवली, आपलं ताट घासून पालथं घातलं आणि खोलीत गेली. त्या दिवसापासून तिने बापाला स्वतःचं काही सांगणं बंद केलं. "जेवलात?" "हो." "येते." एवढ्यावर दोन वर्षं चालली. बाकीचं आईमार्फत.

आता आईमार्फतच कळलं होतं की तिला दुसऱ्या शहरातल्या एका संग्रहालयात काम मिळालंय. तिथल्या जुन्या मातीच्या भांड्यांचे, एकेक करून, वर्षभर फोटो काढायचे. शुक्रवारी निघायचं.

"मडक्यांचे फोटो?" तो बायकोला म्हणाला. "वर्षभर? पगार देऊन? कुठेतरी पाणी मुरतंय."

"मुरू दे," बायको म्हणाली. "आणि अहो, ऐका. तिथे फोन केलात तर ती या घरात पुन्हा पाऊल टाकणार नाही. माझा अंदाज नाही हा. तिने मला सांगितलंय."

तो उठून बाहेरच्या खोलीत गेला. तिथे लेकीचं सामान काढून ठेवलेलं त्याने पाहिलं. कॅमेऱ्याच्या पिशवीला टेकून तिची तिवई उभी होती. लेक तिला ट्रायपॉड म्हणायची, तो तिवईच म्हणायचा. तिवईचा एक पाय घसरत असणार, कारण सांध्याभोवती चिकटपट्टीचे वेढेच्या वेढे दिले होते. पट्टी तपकिरी होती, त्याच्याच ड्रॉवरमधली. लेक त्याच्याकडून काही मागत नव्हती, तरी पट्टी तेवढी घेत होती. तिला जाताना नवी तिवई द्यायची, हे त्याने तिथेच ठरवलं.

जादा पाळीचे थोडे पैसे बाजूला होते. चष्म्याच्या काचा बदलायच्या होत्या, त्या राहिल्या तर चालणार होतं.

कॅमेऱ्याच्या दुकानातला माणूस अतिशय गोड बोलायचा, त्यामुळे दारातच याचं मत वाईट झालं. दुकानदाराने आधी काळ्या कार्बनच्या धाग्यांची, भारीतली तिवई दाखवली. किंमत ऐकून याने ती परत ठेवली. नाकापेक्षा मोती जड व्हायला नको. मग दुकानदाराने दुसरी काढली, पाच तुकड्यांत मिटणारी.

"ही बघा काका, पिशवीत मावते. फुलासारखी हलकी."

"हलकी का?"

"म्हणजे न्यायला सोपी."

"ते कळलं. यातलं काय काढून घेतलं म्हणून ती हलकी झाली?"

दुकानदार हसला. हा हसला नाही. त्याने पाय उघडले आणि शेवटचा तुकडा चिमटीत धरून पाहिला. तो पेन्सिलीएवढा होता. "जितके तुकडे तितके सांधे," तो म्हणाला, "आणि जितके सांधे तितका दगा. दुसरी दाखवा."

तिसरी ॲल्युमिनियमची होती. तीन तुकडे, जाड पाय, तळाला रबर, आणि खोक्यावर धूळ. किंमत खाली आणलेली होती.

"ही स्वस्त का?"

"मॉडेल जुनं झालं काका. नवं आलंय."

"नवं का काढलं? हिच्यात काय खोट निघाली?"

"खोट नाही हो. लोकांना नवं लागतं."

"लोकांना काय लागतं ते राहू द्या. लोक काय परत आणून देतात, ते सांगा."

दुकानदाराने हातातलं फडकं खाली ठेवलं. याने तिवई उभी केली, माथ्यावर तळहात ठेवून दाबली आणि मान वाकडी करून कान लावला. पायाच्या क्लिपा उघडल्या, मिटल्या, परत उघडल्या. मागे उभं असलेलं एक गिऱ्हाईक कंटाळून निघून गेलं.

"कुणासाठी घेताय?"

"लेकीसाठी. ती फोटो काढते."

"बरं. म्हणजे कॅमेराच लावणार ना त्यावर?"

"म्हणजे दुसरं काही लावलं तर मोडते?"

दुकानदाराने बिल करायला घेतलं. खोक्यावर लिहिलं होतं, वजन पाच किलोपर्यंत. पाच लिहिलंय म्हणजे खरे तीन असणार, असं मनाशी धरून तो घरी आला.

दुसऱ्या दिवशी त्याची सुट्टी होती. लेक बाहेर गेली होती. बायकोची दाढ गेले कित्येक दिवस ठणकत होती, तिच्यावर कॅप बसवून घ्यायची होती. "दाढेच्या डॉक्टरकडे जाऊन येते," म्हणून तीही गेली. घर मोकळं मिळालं. त्याने तिवई गॅलरीत उभी केली. तिच्या मधल्या दांड्याला खाली एक आकडा होता, पिशवी अडकवायचा. त्याने पिशवी अडकवली. आधी तांदूळ. मग तांदूळ आणि इस्त्री. प्रत्येक वस्तू हातातल्या काट्यावर तोलून. पाच किलो झाले, तिवई गप्प उभी. सहा, सात. हा जरा नाराज झाला. रद्दीचा गठ्ठा घातला, नऊ झाले. मग लेकीच्या लहानपणचे व्यायामाचे डंबेल पलंगाखालून काढले. दहा. मधूनमधून तो माथ्यावर तळहाताने दाबायचा आणि कान लावायचा. अकराव्या किलोला एका पायाची क्लिप कटकन तुटली, पाय आत गेला, आणि तांदूळ गॅलरीभर झाले.

"म्हटलं नव्हतं?" तो मोठ्याने म्हणाला.

अगदी खरं सांगायचं तर त्याला आनंद झाला. त्याचा हात खिशाकडे गेला, लाल खडू काढायला. खिशात खडू नव्हता. समोर लॉट नव्हता, मागे गोदाम नव्हतं. शुक्रवारी द्यायची तेवढी एकच तिवई होती, आणि ती पाय मोडून तांदळात पडली होती. वीस वर्षं भिंतीवर समोर लिहिलेला नियम, आणि तो लिहिणाराच विसरला होता. तो तिथेच खाली बसला. तांदूळ भरायला त्याला बराच वेळ लागला.

बायको आली तेव्हा मोडकी तिवई पलंगाखाली गेली होती. बायकोच्या हातात एक मोठी पिशवी होती, तीही आल्या आल्या कुठेतरी नाहीशी झाली. त्या संध्याकाळी नवरा-बायको एकमेकांशी इतकं गोड बोलले की दोघांनाही ते खटकलं असणार. जेवताना त्याचं लक्ष गेलं. बायको अजून डाव्याच बाजूने चावत होती. डॉक्टरकडे जाऊन आली, तर डॉक्टरने केलं काय? आणि सकाळी ही स्वयंपाकघरात जाऊन फोनवर हळू आवाजात कुणाशी बोलत होती? पाल पुन्हा चुकचुकली.

पुढच्या दिवशी तो मोडकी तिवई घेऊन दुकानात गेला. खोटं बोलणं त्याला जमत नसे, त्यामुळे किती वजन टांगलं ते त्याने सांगून टाकलं.

"अकरा," दुकानदार म्हणाला. "काका, कॅमेरा लावायचा होता की म्हैस बांधायची होती?"

"बदलून द्या."

"ते कसं जमेल? पाच लिहिलंय ना." मग तो तुटकी क्लिप बघत पुटपुटला, "बाकी, सांगितलं होतं तसंच झालं म्हणायचं."

"कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही. असंच," म्हणून दुकानदार आत गेला तो बाहेर आलाच नाही.

रस्त्याने येताना त्याने सगळं जोडून पाहिलं. न केलेली दाढ. हळू आवाजातला फोन. दुकानदाराला आधीच माहीत असलेली गोष्ट. सगळे मिळून आपल्यापासून काहीतरी लपवताहेत, आणि त्याच्या मुळाशी ते संग्रहालय आहे. मडकी बिडकी काही नाही. कुणीतरी पोरीला फसवतंय, आणि आईला ते कळूनही ती पांघरूण घालतेय. नंबर त्याने कधीच शोधून ठेवला होता. घरी पोचल्यावर दारातच त्याने मोबाईल काढला. नंबर पडद्यावर आला. एक बोट टेकवायचं, आणि दोन मिनिटांत खरं-खोटं समोर.

समोर स्वयंपाकघरातल्या फळीवर लेकीचं ताट पालथं घातलेलं दिसत होतं. ती सकाळी जेवून, ताट घासून गेली होती, रोजच्यासारखी. तो त्या ताटाकडे बघत राहिला. शुक्रवारनंतर हे ताट तसंच पालथं राहणार होतं, आणि हा फोन केला तर कायमचं. त्याला भीती वाटली. इतकी स्वच्छ भीती त्याला बऱ्याच वर्षांत वाटली नव्हती. त्याने मोबाईल खिशात टाकला आणि स्टूल घेऊन माळ्यावर चढला. संशयाला कुठेतरी जायला हवंच होतं.

माळ्यावर जुन्या गादीच्या मागे ती मोठी पिशवी होती. पिशवीत खोकं. तेच दुकान, तीच तिवई, तेच पाच किलो. कंपनीची पट्टीसुद्धा तशीच, न फाडलेली.

"सापडलं?" खालून बायकोचा आवाज आला. ती कधी आली हे त्याला कळलंच नव्हतं.

"हे काय आहे?"

"तुम्ही नमुना आणलात," बायको म्हणाली. "मी माल आणला."

तो खोकं घेऊन स्टुलावरून उतरला.

"पिशवीवर दुकानाचा नंबर होता," ती म्हणाली. "म्हटलं, काल एक गृहस्थ येऊन तिवईला कान लावून गेले असतील, तसलीच अजून एक काढून ठेवा, पहिली काही शुक्रवार बघत नाही. ते हसले, पण ठेवली." मग तिने सरळ विचारलं, "किती किलोला मोडली?"

"मोडली हे तुला काय माहीत?"

"पलंगाखाली केर मी काढते."

"अकराला."

"लिहिलेत किती?"

"पाच."

"दुप्पट किती होतात?"

त्याने खोकं खाली ठेवलं. "दहा," तो म्हणाला.

"मग पास झाली की ती. हिरवा खडू." बायको खुर्चीवर बसली. "तुम्हाला मोडलेलं दिसलं की पेललेलं दिसतच नाही. तिवईचं असो नाहीतर माणसाचं."

"तुझी दाढ?"

"दाढ कुठे पळून जातेय? एका बाजूने चावायची सवय झालीय मला." तिने खोक्यावर हात ठेवला. "हे उघडायचं नाही. पट्टी अशीच राहील."

"न बघता द्यायचं?"

"न बघता द्यायचं."

शुक्रवारपर्यंत त्या खोक्याने त्याचा जीव खाल्ला. आत पाय तीन आहेत की दोन, हे तरी कुणाला माहीत? एकदा त्याने खोकं नुसतं हलवून ऐकलं. एकदा पट्टीच्या कडेला नख लावलं, आणि काढून घेतलं. त्याच्या एवढ्या वर्षांच्या नोकरीत त्याला इतकं जड काम पडलं नव्हतं.

शुक्रवारी दुपारी सामान दाराशी लागलं. जुनी तिवई लेकीने पिशवीला बांधली होती. त्याने खोकं पुढे केलं. "हे. तुझ्यासाठी."

तिने खोकं घेतलं, फिरवून पाहिलं, आणि तिचं लक्ष पट्टीवर गेलं. तिने ती बोटाने चाचपली. मग आईकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"उघडलं नाहीत?"

"नाही."

"का? यात काय आहे?"

"तिवई आहे. ट्रायपॉड."

"आणि तुम्ही न तपासता देताय." तिचे डोळे बारीक झाले. ते डोळे त्याचेच होते. "पहिली कुठाय?"

"कसली पहिली?"

"बाबा."

"पलंगाखाली."

"किती लिहिलेत, किती पेलले?"

"पाच लिहिलेत. अकराला मोडली."

"पास आहे," ती म्हणाली. तिच्या आईने पदराने तोंड पुसायचं निमित्त करून हसू लपवलं.

लेकीने पट्टी फाडली. तिवई काढून खोलीच्या मधोमध उभी केली, माथ्यावर तळहात ठेवला आणि मान वाकडी करून दाबली. कान लावला. पुन्हा दाबली, जरा जास्त जोर देऊन. खाण तशी माती, दुसरं काय.

"पुरे," तो म्हणाला. "मोडेल ती."

तिचा हात तसाच राहिला. हे वाक्य त्या घरात आजवर आईने म्हटलं होतं, तिने म्हटलं होतं, त्याने कधीच नाही.

"तिकडे फोन केला नाही मी," तो म्हणाला.

"माहितीये. मी विचारायचे त्यांना, कुणाचा फोन आला होता का म्हणून. ते नाही म्हणायचे." तिने तळहात माथ्यावर फिरवला. "मला खरं वाटायचं नाही. परत विचारायचे." तिने तिवईवरून हात काढला. "का नाही केलात?"

त्याला पुष्कळ सांगायचं होतं. चपलांच्या दुकानाचं, पालथ्या ताटाचं, दारात वाटलेल्या भीतीचं.

"एका नगाचा लॉट आहे," तो म्हणाला. "यंत्राखाली घालायचा नसतो. मी घातला."

रंगाचा डबा जिने धरला होता तिला आणखी काही सांगावं लागलं नाही. ती खाली वाकली आणि तिवईचे पाय एकेक करून मिटत राहिली. त्या कामाला तिला जरा जास्तच वेळ लागला. तिवई खोक्यात घातल्यावर तिने वर न बघताच हात पुढे केला. "पट्टी द्या."

त्याने ड्रॉवरमधून तपकिरी गुंडाळी आणली. तिने खोकं दाबून धरलं, त्याने पट्टी ओढून लावली आणि अंगठ्याने टोकापर्यंत घासली. उरलेली गुंडाळी तिने आपल्या पिशवीत टाकली.

दारात चप्पल घालताना ती म्हणाली, "पोचले की फोन करते."

हे ती आईकडे बघून म्हणाली नव्हती. किती वाजता, असं विचारायला त्याने तोंड उघडलं, आणि मिटून घेतलं. "बरं," तो म्हणाला, आणि तिचं सामान उचलून जिना उतरू लागला.